वेदना थांबली म्हणजे सुख झालं का? ग्रीक नीतिशास्त्रातल्या सुखावरच्या ऑनलाइन कोर्सचा अभिप्राय

हा कोर्स मी शेवटपर्यंत केला. नेमून दिलेलं सगळं वाचलं, दोन्ही निबंध लिहिले, थेट सत्रांना बसले. सुख म्हणजे नक्की काय, या प्रश्नाशी ज्याला खरोखर झटापट करायची आहे त्याने तो जरूर घ्यावा. पाचपैकी चार गुण. एक गुण का कापला तेही सविस्तर सांगते, कारण कोर्स जिथे कमी पडतो तिथेच माझ्या मते विषयाचा गाभा आहे.

आधी कोर्सची रचना. आठ व्याख्यानं, प्रत्येक साधारण दीड तासाचं, रेकॉर्ड केलेलं. प्रत्येक व्याख्यानानंतर एक थेट सत्र, त्यात प्रश्न विचारता येतात. सगळं इंग्रजीत. पहिली सहा व्याख्यानं बाई घेतात, प्लेटो आणि ॲरिस्टॉटलवर. शेवटची दोन सर घेतात, एपिक्युरस आणि स्टोइक पंथावर. ग्रीक यायला हवं अशी अट नाही, तत्त्वज्ञानाची पदवीही लागत नाही. वाचनाचा संच फार विचाराने केलेला आहे: मूळ ग्रंथांतले उतारे भाषांतरात दिले आहेत आणि कडेला प्लेटोसाठी स्टेफानसच्या १५७८ सालच्या आवृत्तीचे पानांक, ॲरिस्टॉटलसाठी बेकरच्या आवृत्तीचे. त्यामुळे तुमच्याकडे वेगळं भाषांतर असलं तरी नेमकी तीच ओळ सापडते. व्हिडिओखालची आपोआप उमटणारी अक्षरं मात्र बंद करून टाका. ग्रीक नावांचा त्यात असा चुराडा होतो की प्रोटार्कस कोण आणि प्रोटॅगोरस कोण हे कळत नाही.

मी भूलतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं पेन क्लिनिकमध्ये काम करते. आम्ही रुग्णाला विचारतो, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढं. औषध दिलं, इंजेक्शन दिलं, मज्जातंतू बधिर केला, की पुन्हा विचारतो. आकडा खाली आला की काम झालं. त्या पट्टीवर शून्याच्या पलीकडे काहीच छापलेलं नसतं. शून्यावर पोचलेला माणूस सुखी असतो की नुसता दुखत नसतो, हे विचारायची आमच्या कामात पद्धत नाही. म्हणून मी या कोर्सकडे वळले. आणि आनंदाची गोष्ट ही की प्लेटोपासून एपिक्युरसपर्यंतचा सगळा वाद बऱ्याच अंशी या शून्यावरूनच चाललेला आहे.

पहिलं व्याख्यान तुरुंगात सुरू होतं. इ.स.पू. ३९९, सॉक्रेटिसचा शेवटचा दिवस. पायातली बेडी नुकतीच काढली आहे आणि तो पाय चोळत बसला आहे. बेडीने दुखत होतं तिथेच आता बरं वाटतंय, आणि त्याला नवल वाटतं की सुख आणि दुःख एकाच वेळी माणसाकडे येत नाहीत, पण एकाचा पाठलाग करून त्याला पकडलं की दुसरं हटकून मागे येतं, जणू दोन्ही एकाच डोक्याला जोडलेली आहेत. इसापाला हे सुचलं असतं तर त्याने गोष्ट रचली असती, असंही तो म्हणतो. प्लेटोच्या 'फीडो' या संवादातला हा प्रसंग मला ठाऊक होता, पण मृत्यू आणि आत्म्याच्या चर्चेची नुसती प्रस्तावना म्हणून. बाईंनी तो सुखाच्या प्रश्नाची पहिली मांडणी म्हणून वाचायला लावला, आणि तो तसा वाचला की पुढचं सगळं त्यातून उलगडत जातं. त्याच व्याख्यानात प्लेटोच्या 'गॉर्गियस' संवादातला कॅलिक्लीझ येतो. इच्छा मोठ्यात मोठ्या होऊ द्याव्यात आणि त्या पुरवत राहावं, यालाच तो चांगलं जगणं म्हणतो. सॉक्रेटिस त्याला गळक्या रांजणांचं चित्र दाखवतो: एकाचे रांजण भरलेले आणि धड आहेत, दुसऱ्याचे फुटके, तो रात्रंदिवस भरतोच आहे. कॅलिक्लीझचं उत्तर मला अजूनही तगडं वाटतं. भरलेल्या रांजणाच्या मालकाला आता कसलंच सुख नाही, तो दगडासारखा जगतोय, असं तो म्हणतो. म्हणजे शून्य ही त्याच्या लेखी दगडाची अवस्था. 'प्रोटॅगोरस'मधली सुखदुःख मोजण्याची कला बाईंनी थोडक्यात उरकली, ते मला योग्यच वाटलं.

दुसरं व्याख्यान 'रिपब्लिक'च्या नवव्या भागावर आहे आणि इथे प्लेटो थेट माझ्या क्लिनिकमध्ये येऊन बसला. आजारी माणसं म्हणतात की निरोगी असण्यासारखं सुख नाही, पण आजारी पडण्याआधी ते त्यांच्या लक्षातही आलेलं नसतं. प्लेटोचं म्हणणं असं: सुख वर, दुःख खाली, आणि मधे एक स्वस्थ अवस्था. खालून मधे आलेल्याला वाटतं आपण वर पोचलो, कारण खरं वर त्याने कधी पाहिलेलंच नसतं. हे मी शेकडो चेहऱ्यांवर पाहिलेलं आहे. नर्व्ह ब्लॉक, म्हणजे मज्जातंतू बधिर करण्याचा उपचार, लागू पडल्यावर पहिला तासभर रुग्णाचा चेहरा उजळलेला असतो. काही दिवसांनी तोच शून्य असतो, पण उजेड गेलेला असतो आणि माणूस जेवणाबद्दल, झोपेबद्दल, बिलाबद्दल बोलू लागतो. शून्य हेच जर सुख असतं तर शून्य टिकलं असताना सुख का ओसरलं? प्लेटो याच फटीत बोट घालतो. त्या भागाच्या शेवटी तो हिशेब मांडतो की तत्त्वज्ञ राजाचं जगणं जुलमी सत्ताधीशापेक्षा ७२९ पट सुखाचं आहे. ७२९ म्हणजे ९ चा घन. बाई तिथे दोन मिनिटं थांबल्या आणि पुढे गेल्या.

तिसरं आणि चौथं व्याख्यान 'फिलेबस'वर. कोर्सचा कळस इथे आहे. प्लेटोचा हा उतारवयातला संवाद फारसा कुणी वाचत नाही, कारण तो अवघड आहे, मधेच मर्यादित आणि अमर्याद यांच्या चर्चेत शिरतो आणि तिथेच बरेच वाचक गळतात. ज्याच्या नावाने संवाद आहे तो फिलेबस स्वतः वाद घालायला तयारच नसतो. सुख हेच चांगलं, एवढं म्हणून तो बाजूला होतो आणि प्रोटार्कसला पुढे करतो. सॉक्रेटिस प्रोटार्कसला विचारतो, तुला आयुष्यभर मोठ्यात मोठी सुखं मिळाली, पण स्मृती नाही, विचार नाही, समज नाही, तर चालेल? मग आपण सुखात आहोत हेसुद्धा तुला कळणार नाही, आधीचं आठवणार नाही, पुढचं मिळेल का याचा अंदाज येणार नाही. ते माणसाचं जगणं नव्हे, शिंपल्यात राहणाऱ्या जीवाचं.

भूल देणाऱ्या माणसाला हा उतारा सहज ओलांडून जाता येत नाही. पूर्ण भुलेखाली असलेल्या रुग्णाला वेदना नसते, चिंता नसते, आठवण नसते. आकडा विचारायची सोय नाही, पण विचारता आला असता तर शून्यच आला असता. त्या अवस्थेला सुख कुणीच म्हणत नाही. म्हणजे वेदना नसणं पुरेसं नाही, त्या नसण्यात कुणीतरी जागं असावं लागतं. थेट सत्रात मी हे बोलले तेव्हा बाईंनी सायरेनिकांची, म्हणजे फक्त आत्ताच्या सुखाला मोल देणाऱ्या पंथाची, आठवण काढली: वेदना नसणं ही त्यांच्या मते झोपलेल्या माणसाची अवस्था आहे, तिला सुख म्हणता येत नाही. एवढा दुवा लागताच मला पुढचं सगळं वाचन सोपं गेलं.

'फिलेबस'मधला दुसरा मोठा भाग खोट्या सुखांचा. मत खोटं असू शकतं, पण सुख कसं खोटं असेल, असं प्रोटार्कस विचारतो. मी मनाने त्याच्याच बाजूला होते. आमच्या शाखेचा पहिला नियम आहे की रुग्ण दुखतंय म्हणाला म्हणजे दुखतंय. तपासणीत काही सापडलं नाही म्हणून त्याची वेदना खोटी ठरत नाही. प्लेटो याला हात लावत नाही, ही बाब बाईंनी ओळीवर बोट ठेवून दाखवली. ज्याला सुख वाटतंय त्याला ते खरंच वाटतंय, हे सॉक्रेटिसला मान्य आहे. खोटं आहे ते त्या सुखातलं चित्र. आपल्या मनात जणू एक लेखक बसून लिहितो आणि त्याच्यामागून एक चित्रकार ते रंगवतो, आणि माणूस स्वतःला पुढे खूप सोनं मिळालेलं, सुखात बुडालेलं पाहतो. त्या चित्रावर तो आज सुखावतो. चित्र जर चुकीचं असेल तर त्या सुखाचा पायाच चुकीचा. शस्त्रक्रियेनंतर पाठ पुन्हा विशीतली होणार या कल्पनेवर महिनोन् महिने खुलून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं खुलणं खरं होतं. त्यांना पुढे जे सोसावं लागलं ते त्या चित्रामुळे. वेदनेबाबत डॉक्टर जे काळजीपूर्वक जपतात, म्हणजे वाटण्याचं खरेपण, ते न मोडता अपेक्षेचं खोटेपण वेगळं काढता येतं, हे मला या दोन व्याख्यानांनी शिकवलं. माझ्या कामाला याचा रोज उपयोग होतो. शस्त्रक्रियेआधी रुग्णाशी बोलताना मी आता त्याला विचारते की बरं झाल्यावर तुम्ही स्वतःला काय करताना पाहता.

शिवाय खाजवण्याचं सुख, ज्यात दुःख मिसळलेलंच असतं. विनोदी नाटक पाहतानाचं सुख, ज्यात दुसऱ्याच्या फजितीवरचा थोडा मत्सर असतो. आणि मग शुद्ध सुखं: सरळ रेषा आणि वर्तुळ यांच्यासारखे आकार, काही रंग, स्वच्छ एकेरी स्वर, बहुतेक वास, आणि शिकण्याचं सुख. यांच्याआधी कसली कळ सोसलेली नसते, हे त्यांचं लक्षण. संवाद संपताना चांगल्या जगण्याच्या घटकांची क्रमवारी लागते: पहिल्यावर मापात असणं, दुसऱ्यावर सौंदर्य आणि प्रमाणबद्धता, तिसऱ्यावर बुद्धी, चौथ्यावर शास्त्रं, कला आणि योग्य मतं, आणि पाचव्यावर ही शुद्ध सुखं. पाचवं स्थान खालचं वाटेल, पण प्लेटोने सुखाला यादीत घेतलं आहे ही गोष्ट बाई ठासून सांगतात आणि मला ती महत्त्वाची वाटते. त्याच संवादात जी तुसडी माणसं सुख म्हणजे फक्त दुःखातून सुटका असं म्हणतात, त्यांची मदत सॉक्रेटिस घेतो, पण त्यांच्याशी सहमत होत नाही.

पाचव्या व्याख्यानात प्लेटोच्या शाळेतलं, म्हणजे अकादमीतलं, घरचंच भांडण आहे. क्नायडसचा गणिती युडोक्सस म्हणत होता की सुख हेच परम चांगलं, कारण विचारी आणि अविचारी सगळेच जीव त्याकडे धावतात. ॲरिस्टॉटल नोंदवतो की लोकांना युडोक्ससचे मुद्दे पटले ते मुद्द्यांपेक्षा त्याच्या चारित्र्यामुळे. तो स्वतः विलक्षण संयमी होता, त्यामुळे सुखाचा लोभी म्हणून बोलतोय असा संशय कुणाला आला नाही. समोर प्लेटोचा भाचा स्प्यूसिपस, जो इ.स.पू. ३४७ मध्ये प्लेटोच्या मृत्यूनंतर अकादमीचा प्रमुख झाला. त्याच्या मते दुःखाच्या विरुद्ध जसं सुख आहे तशी मधली अवस्थाही आहे: जास्त हे कमीच्या जसं विरुद्ध असतं तसं समानाच्याही विरुद्ध असतं. म्हणजे शून्य चांगलं, आणि ते सुख नव्हे. माझ्या पट्टीसाठी इतका नेमका वकील मला कुठे मिळाला नव्हता. बाईंनी त्याला जेमतेम दहा मिनिटं दिली. त्याचं लिखाण जवळजवळ उरलेलं नाही, त्यामुळे तेही समजण्यासारखं आहे.

मग ॲरिस्टॉटल. सुख म्हणजे कमी असलेलं भरून निघणं, ही कल्पना 'निकोमाखियन एथिक्स'मध्ये तो मुळापासून उखडतो. भरतं ते शरीर, मग सुखही शरीरालाच व्हायला हवं, आणि तसं कुणाला वाटत नाही. भुकेच्या उदाहरणावरून सगळ्यांची फसगत झाली आहे. शिकणं, वास, आवाज, दृश्य, आठवणी, आशा, यांच्या सुखाआधी काय कमी होतं? घर किंवा देऊळ बांधायला वेळ लागतो, पाया घातला तेव्हा ते अपुरं असतं. पाहणं मात्र ज्या क्षणी होतं त्या क्षणी पुरं असतं. सुख या दुसऱ्या जातीचं आहे. ते करण्याला पूर्णत्व देतं, भर तारुण्यातल्या माणसाला जशी टवटवी येते तसं. ज्याला बासरी आवडते त्याला ती कानावर पडली की चर्चेत लक्ष लागत नाही. नाटकात नट वाईट असले की प्रेक्षक गोड खाऊ काढून खात बसतात. कामाचं स्वतःचं सुख ते काम वाढवतं, परकं सुख ते मोडतं. ही निरीक्षणं इतकी ताजी आहेत की सहावं व्याख्यान मी पुन्हा पुन्हा ऐकलं. तहानभूक हरपून काही करणाऱ्या माणसाला सुख कुठे आहे असं विचारलं तर तो कामाकडेच बोट दाखवेल, वेगळ्या कुठल्या भावनेकडे नाही.

इथे माझी पहिली तक्रार. एकाच ग्रंथात सुखावर दोन वेगळी विवेचनं आहेत. सातव्या भागात सुख म्हणजे नैसर्गिक अवस्थेतली, अडथळा नसलेली क्रिया. दहाव्या भागात सुख ही क्रिया नव्हे, ते क्रियेला पूर्ण करतं. दोन्ही एकमेकांची दखल घेत नाहीत. सातवा भाग ॲरिस्टॉटलच्याच 'युडीमियन एथिक्स' या दुसऱ्या ग्रंथातही तसाच सापडतो, त्यामुळे तो मुळात कुठला हाही प्रश्न आहे. बाईंनी ही सगळी अडचण सांगितली आणि दहावा भाग जास्त पक्व आहे असं म्हणून सातव्याची बोळवण केली. अडथळा नसणं ही कल्पना अशी वाऱ्यावर सोडायला नको होती.

शेवटची दोन व्याख्यानं घाईची आहेत. सायरेनिक, एपिक्युरस, एपिक्युरसवरची रोमन लेखक सिसेरोची टीका आणि स्टोइक, हे सगळं दोन व्याख्यानांत मावत नाही. ॲरिस्टिपस सॉक्रेटिसचा सोबती होता. सायरेनिक शिकवणीची पद्धतशीर मांडणी त्याच्या नातवाची मानली जाते, ज्याला त्याच्या आईने, म्हणजे ॲरिस्टिपसच्या मुलीने, अरेटीने शिकवलं. सुख ही मृदू हालचाल, दुःख ही खरबरीत हालचाल, आणि मोल फक्त आत्ताच्या सुखाचं. एवढं सांगून सर पुढे गेले. याच पंथातल्या हेजेसियसने सुख मिळवणं अशक्यच आहे असं ठरवलं आणि त्याची व्याख्यानं ऐकून लोक जीव देऊ लागले म्हणून टॉलेमी राजाने ती बंद करवली, अशी सिसेरोने सांगितलेली हकीकत आहे. सुखवादाचं टोक असं उलटं फिरतं याचा कोर्समध्ये उल्लेखही नाही. स्टोइकांना तर शेवटची पंचवीस मिनिटं मिळाली. त्यांच्यातला क्लिअँथीस आपल्या शिष्यांना एक चित्र डोळ्यांसमोर आणायला सांगे: सिंहासनावर सुख राणीसारखं बसलं आहे आणि सगळे सद्गुण दासींसारखे तिच्या सेवेत उभे आहेत. हे चित्र सरांनी छान रंगवलं. पण तान्ह्या बाळाची पहिली ओढ सुखाची की स्वतःला जपण्याची, हा एपिक्युरस आणि स्टोइकांमधला खरा झगडा एका वाक्यात आटोपला.

एपिक्युरसवर मात्र सरांचं प्रेम आहे आणि ते दिसतं. त्याचा जन्म इ.स.पू. ३४१ चा, सेमोस बेटावर. अथेन्समध्ये बाग घेऊन त्याने शाळा काढली ती इ.स.पू. ३०६ च्या सुमारास. तिथे बायका होत्या, गुलामही होते. मित्राला तो लिहितो की चीजचं एक छोटं भांडं पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. इच्छांचे तीन प्रकार तो करतो: नैसर्गिक आणि आवश्यक, नैसर्गिक पण अनावश्यक, आणि दोन्ही नसलेल्या. आणि मग तो वाक्य टाकतो ज्यासाठी मी कोर्स घेतला होता: सगळी वेदना दूर होणं ही सुखाच्या मोठेपणाची सीमा आहे. त्याच्यापुढे सुख वाढत नाही, फक्त बदलत राहतं. म्हणजे शून्य हेच शिखर. प्लेटोसाठी मधला मजला, सायरेनिकांसाठी झोप, कॅलिक्लीझसाठी दगड, स्प्यूसिपससाठी चांगलं पण सुख नव्हे, आणि एपिक्युरससाठी याहून वर काही नाहीच.

सिसेरो यावर तुटून पडतो. तहानलेल्याचं पाणी पिणं आणि तहान भागलेल्याचं स्वस्थ असणं, या दोहोंना एकच नाव कसं देता, असं तो विचारतो. सरांनी एपिक्युरसचा बचाव केला तो चल सुख (पाणी पितानाचं) आणि स्थिर सुख (तहान भागल्यावरचं) या भेदावर. तो पुस्तकी आणि कोरडा वाटला. याच ठिकाणी मला सातव्या भागातली ती अडथळा नसलेली क्रिया हवी होती.

ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया नावाचा चेहऱ्याच्या मज्जातंतूचा आजार आहे. दात घासले, दाढी केली, घास चावला, बोललं, वाऱ्याची झुळूक लागली, तरी गालात विजेसारखी कळ उठते. माणसं बोलायचं टाळतात, जेवायचं टाळतात. उपचार लागू पडल्यावर असा रुग्ण परत येतो तेव्हा दुखत नाही हे तो एका शब्दात सांगतो आणि मग बराच वेळ काय काय केलं ते सांगतो: दाढी केली, बहिणीशी फोनवर बोललो, खिडकी उघडी ठेवून झोपलो. त्याचं सुख या करण्यांमध्ये आहे. शून्य म्हणजे त्या करण्यांवरचा अडथळा दूर होणं. असं पाहिलं की एपिक्युरसचं शून्य रिकामं राहत नाही, कारण ज्याला वेदना नाही, भय नाही, असा जागा माणूस नुसता पडून राहत नाही. तो बघतो, बोलतो, आठवतो, मित्रांबरोबर बसतो, आणि हे सगळं विनाअडथळा चालतं. सुटकेच्या पहिल्या तासाचा तो उजेड का ओसरतो याचंही उत्तर यात मिळतं. ओसरते ती तुलना. दाढीचं, बोलण्याचं, खिडकीचं सुख रोज नव्याने मिळत राहतं, फक्त त्यावर आता सुटकेची झळाळी नसते.

थेट सत्रात मी हे मांडलं. सर म्हणाले की दोन परंपरा मिसळू नयेत, आणि पुढचा प्रश्न घेतला. तो एक गुण मी इथे कापला. सोवळेपणा समजू शकते, पण ज्या कोर्समध्ये वाचक सहा आठवडे ॲरिस्टॉटलपर्यंत चढून आलेला आहे त्याला एपिक्युरससमोर ॲरिस्टॉटल विसरायला सांगणं योग्य नाही.

शिवाय या जोडणीत खरी अडचण कुठे आहे तेही चर्चेत यायला हवं होतं. एपिक्युरस इ.स.पू. २७१ च्या सुमारास मूतखड्याच्या आजाराने गेला. लघवी अडलेली, आतड्यांचा त्रास, आणि त्याच दिवशी मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की वेदना याहून जास्त होऊच शकत नाहीत इतक्या आहेत, पण आपल्या जुन्या संभाषणांच्या आठवणीचा आनंद त्या सगळ्यांसमोर उभा आहे, आणि आजचा दिवस धन्य आहे. आपला सोबती मेट्रोडोरस याच्या मुलांची काळजी घे, असंही त्यात आहे. मूतखड्याच्या कळेला नऊ किंवा दहा सांगणारे रुग्ण मी नेहमी पाहते. म्हणजे वेदनेची अनुपस्थिती हीच सुखाची सीमा म्हणणारा माणूस पट्टीच्या दुसऱ्या टोकाला असताना सुखाची साक्ष देतो. आणि ॲरिस्टॉटल? चाकाला बांधून छळलेला माणूस चांगला असला तर सुखी असतो, असं म्हणणारे काहीतरी निरर्थक बोलतात, असं तो त्याच सातव्या भागात लिहितो. त्याच्या मते अडथळा फार मोठा झाला की क्रिया चालतच नाही. इथे माझं मन एपिक्युरसकडे जातं. तीव्र वेदनेत असलेली माणसं आठवणींच्या बळावर खरोखर हसताना मी पाहिली आहेत, आणि त्या हसण्याला भास म्हणायला मी तयार नाही. पण तीच माणसं तासाभराने काहीच आठवू शकत नव्हती, हेही पाहिलं आहे, आणि तिथे ॲरिस्टॉटलचं म्हणणं नाकारता येत नाही. माझा दुसरा निबंध मी यावरच लिहिला. बाईंनी तो ओळीओळीला शेरे मारून परत पाठवला. एका परिच्छेदाशेजारी तर माझ्या परिच्छेदाहून लांब टिप्पणी होती. असं तपासणारं कुणी मिळणं याला मी फीपेक्षा जास्त किंमत देते.

घेणार असाल तर काही सूचना. डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, समुपदेशक यांनी जरूर घ्यावा. रोजच्या कामात सुखदुःखाशी ज्यांचा संबंध येतो त्यांना 'फिलेबस'ची दोन व्याख्यानं एकटीच पुरेशी मोलाची आहेत. झटपट सुखी होण्याचे उपाय हवे असतील तर इथे ते नाहीत. 'फिलेबस' तिसऱ्या आठवड्याची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात वाचायला घ्या, आणि मर्यादित-अमर्यादच्या चर्चेत अडकलात तर ती सोडून सरळ पानांक ३१ वर जा, मागचं नंतर वाचा. पाचव्या व्याख्यानाआधी 'निकोमाखियन एथिक्स'च्या सातव्या भागातली शेवटची चार प्रकरणं स्वतः वाचून ठेवा, कारण व्याख्यानात त्यांना पुरेसा वेळ मिळत नाही. सिसेरोच्या टीकेचा जो उतारा संचात दिला आहे तो फार आखूड आहे; ती टीका ज्यात आहे तो त्याच्या 'दे फिनिबुस' या ग्रंथाचा दुसरा भाग पूर्ण मिळवा. आणि दुसऱ्या निबंधाचा विषय स्वतः निवडता येतो, तो शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबवू नका.